काळ्या स्क्रीनमागे लॅपटॉप कुठे अडला?

विंडोज किंवा लिनक्सच्या अपग्रेडनंतर जुना लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि स्क्रीन काळी ती काळीच राहते. ‘गेला हा!’ म्हणण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर प्रोसेसर जागा आहे, फक्त चित्र उमटत नाहीये.

पॉवरचं बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा युईएफआय, उठतं. ते मेमरी आणि डिस्क तपासून बूटलोडरकडे, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, ताबा देतं. बूटलोडर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणतो आणि कर्नल एकेक भाग चालवणारे ड्रायव्हर चालू करतो. सिस्टिम अपग्रेडमध्ये फर्मवेअरला बहुधा हात लागत नाही, बदलतं ते त्यापुढचं. म्हणून कंपनीचा लोगो दिसला तर निम्मी काळजी मिटली. लोगोही नसेल तर चार्जर आणि निघत असल्यास बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा चालू करा.

बूट डिव्हाइस सापडत नाही, असा संदेश आला तर बूटलोडर तरी बिघडलाय किंवा डिस्क तरी. अपग्रेड एका दमात कित्येक जीबी लिहितं, थकलेली हार्ड डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते. सगळं नव्याने टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आपल्या फायली बाहेर काढा.

लोगो दिसून मग अंधार होत असेल तर पहिला संशयित ग्राफिक्स ड्रायव्हर. लिनक्समध्ये आधीचा कर्नल सहसा शिल्लक असतो, ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या मेनूतून तो निवडा. त्यावर मशीन चालू झालं तर गुन्हेगार सापडला. नाहीतर त्याच मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द इंग्रजीत जोडा आणि एफ-१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो. विंडोजमध्ये सुरुवात लागोपाठ फसली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथून मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारा सेफ मोड मिळतो आणि अपग्रेडनंतर साधारण १० दिवस मागच्या आवृत्तीवर परतताही येतं.

एका ठिकाणी मात्र इलाज चालत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीला ‘पॉपकाउंट’ ही प्रोसेसरमधली आज्ञा (इन्स्ट्रक्शन) लागते. इंटेलच्या कोअर २ पिढीत ती नाहीच, त्यामुळे तिथे जुनी आवृत्ती परत टाकणं किंवा हलकं लिनक्स बसवणं, एवढेच मार्ग उरतात.