सुसंगतता स्तरातील दोषनिवारण

एका कार्यप्रणालीसाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या कार्यप्रणालीवर चालवणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरला सुसंगतता स्तर म्हणतात. लिनक्स व मॅकओएसवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारा ‘वाइन’ हा १९९३ साली सुरू झालेला प्रकल्प त्याचे सर्वपरिचित उदाहरण असून, व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेला ‘प्रोटॉन’ त्यावरच उभा आहे. वाइन संपूर्ण विंडोज चालवत नाही; विंडोजच्या लायब्रऱ्या (प्रोग्राम वापरतात ते तयार फंक्शनसंच) नव्याने लिहून तो प्रोग्रामच्या मागण्या लिनक्स वा मॅकओएसकडून पुऱ्या करून घेतो. त्यामुळे प्रोग्राम बिघडला तर दोष प्रोग्रामचा, वाइनमधील अपुऱ्या फंक्शनचा की लिनक्स वा मॅकओएसमध्ये नसलेल्या लायब्ररीचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा, हे आधी ठरवावे लागते.

पहिली पायरी म्हणजे कोरा प्रीफिक्स. प्रीफिक्स म्हणजे आभासी सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंद) सामावणारे फोल्डर. ‘वाइनप्रीफिक्स’ या पर्यावरण-चलात (प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगमध्ये) वेगळा मार्ग दिला की नवे फोल्डर तयार होते आणि जुन्याला धक्का लागत नाही. तेथे प्रोग्राम नीट चालला, तर बिघाड जुन्या प्रीफिक्समध्ये साचलेल्या बदलांत आहे असे समजावे. वाइन रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला, वापरकर्ता म्हणून कधीही चालवू नये, कारण फायलींची मालकी बदलून नव्याच अडचणी उभ्या राहतात.

यानंतर प्रोग्राम टर्मिनलमधून सुरू करून लॉग वाचावा. ‘फिक्समी’ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग पाहून नवखा माणूस घाबरतो, पण त्या बहुतांशी निरुपद्रवी असतात, कारण एखादे फंक्शन अपुरे आहे एवढेच त्या सांगतात. खरी दखल घ्यायची ती ‘एरर’ ओळींची, आणि त्यांतही सर्वांत आधीच्या ओळीची, कारण पुढच्या चुका पुष्कळदा तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात. ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडली नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर ती लायब्ररी-फाइल (डीएलएल) पुरवणारा व्हिज्युअल सी++ रनटाइम बसवणे हा सरळ उपाय आहे. एवढ्याने उलगडा झाला नाही, तर ‘वाइनडीबग’ चलातून रिले चॅनेल चालू करता येते. त्यात प्रत्येक फंक्शन-कॉल नोंदला जातो. मात्र लॉग प्रचंड फुगतो आणि प्रोग्राम मंदावतो, म्हणून ते शेवटी वापरणेच शहाणपणाचे.

वाइनट्रिक्स या मदतनीस साधनाने दिसेल ती विंडोजची मूळ डीएलएल प्रीफिक्समध्ये ओतत राहणे ही या कामातील सर्वांत घातक सवय होय. एका वेळी एकच बदल केला नाही, तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही. विंडोजच्या कर्नेलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) स्वतःचा ड्रायव्हर घालणारे प्रोग्राम मात्र सहसा कोणत्याही सेटिंगने चालत नाहीत.

वाइनच्या जुन्या आवृत्तीत चालणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीत बंद पडला, तर गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या बायसेक्ट आज्ञेने मधल्या बदलांचा पट्टा दर चाचणीला निम्मा करत जावे. हजार बदलांतून दोषी बदल दहाएक चाचण्यांत सापडतो आणि त्या बदलाच्या क्रमांकासह केलेली तक्रार विकासकांना नेमकी दिशा देते.