पोरांच्या मेंदूतली धोका पातळी

पंचगंगेला पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर किती झालं? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत माणसं घरं सोडून बाहेर पडली. मेंदूलाही अशी धोका पातळी असते. बंधाऱ्यावरचा आकडा मात्र सगळ्यांसाठी एकच आहे. मेंदूतला आकडा प्रत्येक मुलाचा वेगळा असतो आणि लहानपणी घरात रोज काय घडतं, यावरून तो बराचसा ठरत जातो.

बाप पिऊन आलाय हे सहा वर्षांच्या पोराला जिन्यावरच्या पावलांवरून कळतं. त्या क्षणी मेंदूतला अमिग्डाला हा धोका हेरणारा, बदामाएवढा भाग जागा होतो. तिथून मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस या भागाला, मग पिट्यूटरी ग्रंथीला आणि शेवटी मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. छाती धडधडते, कान टवकारतात, रक्तातली साखर वाढते. पळायला किंवा लपायला शरीर तयार झालेलं असतं. थोड्या वेळासाठी हे चांगलंच आहे. धोका टळल्यावर हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग वाढलेलं कॉर्टिसॉल ओळखतो आणि ही सगळी धावपळ थांबवायला मदत करतो. कुणी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, की शरीर लवकर निवतं. पण हेच रोज घडलं आणि जवळ घेणारं कुणी नसलं, तर थांबवणारी यंत्रणाच बदलत जाते. मग धोका पातळी खाली सरकते. दुसऱ्या पोराला जिथं काहीच वाटत नाही, तिथं याच्या मेंदूत पूर आलेला असतो.

लंडनच्या संशोधकांनी २०११ साली घरात हिंसा अनुभवलेल्या मुलांना रागीट चेहऱ्यांची चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. त्यांचा अमिग्डाला इतर मुलांपेक्षा जास्त पेटून उठत होता. लढाईवर जाऊन आलेल्या सैनिकांमध्येही असंच दिसतं. ही मुलं मानसिक आजाराचे रुग्ण नव्हती, हे विशेष. त्यांचा मेंदू बिघडलेला नव्हता. ज्या घरात ती जगत होती त्या घरासाठी तो अगदी योग्य तयार झाला होता.

पंचाईत होते ती शाळेत. बाईंचा आवाज जरा चढला की हे पोरगं अंगावर येतं, नाहीतर दगडासारखं गप्प बसतं. फळ्यावर लक्ष लागत नाही, कारण ते सगळं दाराकडे, लोकांच्या तोंडाकडे आणि हाताकडे लागलेलं असतं. आवेग आवरणारा, विचार करून पाऊल टाकायला लावणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पंचविशीपर्यंत घडत असतो आणि सततच्या भीतीत त्याचं अमिग्डालाशी असलेलं नातं नीट जुळत नाही. आपण मात्र म्हणतो, 'मार खाऊन खाऊन कोडगं झालंय,' आणि त्यावर उपाय म्हणून आणखी मारतो. हे थांबलं पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहेच. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोरं वर्गात आली. त्याच वर्गात ती भेदरून बसणार असतील, तर त्यांनी शिकायचं कसं?

महापुराची भीतीही खोल जाते. त्यानंतर पाऊस जोरात आला की रडणारी मुलं आपण पाहिली आहेत. पण पुरात सगळं गाव एकत्र होतं. आईबाप सोबत होते, तालमीतली पोरं भाकरी घेऊन येत होती आणि घाबरलास का असं मोठी माणसं विचारत होती. अशा आधाराने बहुतेक मुलं सावरतात. घरातल्या मारहाणीचं, लैंगिक अत्याचाराचं किंवा वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचं तसं नसतं. ज्याच्या कुशीत पळायचं, त्याचीच भीती. शिवाय बाहेर कुणाला बोलायचं नाही. केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचं दिसलं.

'लहान आहे, विसरून जाईल' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत. वजन छान उतरत असलेले रुग्णच उपचार सोडून जात होते. खोदून विचारल्यावर अनेकांच्या बालपणात अत्याचार निघाले. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी हजारो प्रौढांना लहानपणाविषयी विचारलं. १९९८ साली आलेला निष्कर्ष असा, की चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही आघात नसलेल्यांच्या मानाने, ४ ते १२ पट होता. अर्थात ही हजारो लोकांची सरासरी आहे. एकट्यादुकट्याचं पुढे काय होईल ते यावरून सांगता येत नाही, आणि लहानपणी सोसलेली असंख्य माणसं पुढे चांगली जगतात.

मेंदू घडतो तसा बदलतोही. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळातल्या धोरणांमुळे अनाथालयं मुलांनी भरून गेली होती. खायला मिळे, पण उचलून घेणारं कुणी नसे. २००० नंतर तिथल्या १३६ लहानग्यांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. उरलेल्या निम्म्यांचा विचार मनाला अजून टोचतो. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसाशी जुळणारं नातं सुधारलं आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. मोठेपणीही दार बंद होत नाही. आघातावर केंद्रित समुपदेशनाने पोरं आणि मोठी माणसं दोघंही सावरतात. आजी असो, मावशी असो की वर्गशिक्षक, रोज भेटणारं एक भरवशाचं माणूसही फार मोठं काम करतं.

मूल संकटात दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करावा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तिथं झोप येत नाही, राग आवरत नाही, दारू सुटत नाही अशी तक्रार घेऊन जाल, तेव्हा डॉक्टरांना लहानपणी घरात काय घडत होतं तेही सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.