ऑटिझम असलेल्या मुलांच्या सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत इतक्या वेगळ्या का?

मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) आहे हे कळल्यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, आता थेरपी कुठे करायची? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर अजूनही राहत्या पत्त्यावर अवलंबून आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर इथे ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली शिकवणारी थेरपी), स्पीच थेरपी, विशेष शिक्षक, शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस) हे शब्द निदानाच्या दिवशीच कानावर पडतात. परवडतं की नाही, हा पुढचा भाग. गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीतल्या आतल्या गावात निदान व्हायलाच कितीतरी वेळा मूल शाळेच्या वयाचं होतं, कारण "बोलेल हळूहळू, याचा बापही उशिरा बोलला" असं म्हणणारे घरातही भेटतात आणि दवाखान्यातही. पण हा फरक नुसता शहर आणि खेडं असा नाही. एकाच महसूल विभागातल्या दोन जिल्ह्यांत, एकाच महापालिकेच्या दोन टोकांना तो दिसतो. त्यामागे गेल्या तीसेक वर्षांतले सरकारी निर्णय आहेत, आणि त्यातला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा निर्णय बाकी सगळ्यांवर भारी पडला आहे.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये शाळा सुरू झाली. पुढची कित्येक दशकं राज्यात विशेष शाळा उभ्या राहिल्या त्या कुणा पालकांच्या, डॉक्टरांच्या किंवा ट्रस्टच्या पुढाकाराने. शाळा संस्थेने काढायची, शासनाने अनुदान द्यायचं, अशी पद्धत पडली. त्यामुळे जिथे संस्था चालवणारी माणसं आणि देणगीदार होते, तिथे शाळा आल्या. कोणत्या तालुक्यात गरज किती, हे आधी मोजून शाळा काढल्या गेल्या नाहीत. अनुदानाचे साचेही ठरलेले होते: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद. ऑटिझम असलेलं मूल यातल्या शेवटच्या साच्यात बसवलं जायचं, नाहीतर घरी राहायचं.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने हेच साचे पक्के केले. त्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राला जोडलेली एसटीची सवलत, शिष्यवृत्ती, आरक्षण यांपैकी काहीच नाही. ज्या मुलाचा बुद्ध्यांक कमी यायचा त्याला 'मतिमंद' म्हणून कागद मिळायचा. ज्याचा बुद्ध्यांक सर्वसाधारण, पण जो वर्गात एका जागी बसू शकत नाही, कुणाशी बोलत नाही, मिक्सरच्या आवाजाने हादरून जातो, त्याच्यासाठी कायद्यात जागा नव्हती.

चार वर्षांनी, १९९९ मध्ये, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला आणि 'ऑटिझम' हा शब्द केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदा आला. या कायद्याने कायदेशीर पालकत्वाची सोय केली आणि त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती नेमली. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी, अशी तरतूद आहे. इथे संस्थेचा प्रतिनिधी हवा, ही अट कागदावर साधी दिसते. पण नोंदणीकृत संस्थाच मुळात ठरावीक शहरांत एकवटलेल्या. पुढे याच न्यासाखाली एक लाख रुपयांपर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना आली. इतर विमा कंपन्या ज्याला हात लावत नसत, त्या ओपीडीतल्या थेरपीचा काही खर्च तिच्यात मिळू लागला. तिचे अर्जही बहुतेक अशा संस्थांमार्फतच जायचे. ज्या जिल्ह्यात संस्था जागी, तिथे पालकांना योजना माहीत. इतर ठिकाणी तिचं नावही पोचलं नाही.

सरकारी आरोग्य यंत्रणा स्वतःहून मुलांपर्यंत गेली ती २०१३ मध्ये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात त्या फेब्रुवारीत पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. कार्यक्रमाची रचना खरोखर विचार करून केलेली आहे. आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातं. तपासणीच्या यादीत जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातले विलंब असे चार गट आहेत आणि ऑटिझम त्यातच येतो. पथकाला शंका आली की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, पालकांच्या भाषेत 'डीईआयसी'त पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत, असं ठरलं.

अडचण पुढे सुरू होते. या केंद्रांतली पदं कंत्राटी आहेत. वाचा-उपचारात पदवी घेतलेली मुलगी पुण्यात खासगी सेंटरमध्ये काम करून जे कमावते, तेवढं जिल्ह्याच्या गावात कंत्राटावर मिळत नाही. मग पद रिकामं राहतं, किंवा भरलं तरी वर्षभरात पुन्हा रिकामं होतं. आणि केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी एकच. मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा थेरपी हवी असते. धडगावच्या आईने त्यासाठी नंदुरबारला आठवड्यातून किती वेळा यायचं? एका फेरीला तिचा एक दिवसाचा रोज जातो आणि गाडीभाडं वेगळं. अशी बाई दोनदा येते, तिसऱ्यांदा येत नाही, आणि तिच्या मुलाची नोंद 'पाठपुरावा नाही' अशी होते. दोष तिच्या माथी मारला जातो, हे मला सगळ्यात खटकतं.

आता प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली. पालकांनी वर्षानुवर्षं मागितलेली ही गोष्ट होती आणि तिचं मोल कमी नाही. पण कायद्यातले बहुतेक ठोस लाभ 'लक्षणीय दिव्यांगत्वा'ला, म्हणजे चाळीस टक्क्यांपासून पुढे लागू होतात. पाय किंवा कान यांचे टक्के काढण्याच्या पद्धती जुन्या आहेत. ऑटिझमचे टक्के कसे काढायचे?

त्यासाठी आयसा (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मोजपट्टी घेतली गेली. सिकंदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली होती. २०१६ मध्ये प्रमाणपत्रासाठी तिला मान्यता मिळाली आणि जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच राहिली. तिच्यात सहा विभागांत ४० मुद्दे आहेत. मूल नजरेला नजर देतं का, नाव घेतल्यावर वळून बघतं का, ऐकलेलं वाक्य तसंच पुन्हा म्हणतं का, हात फडफडवतं का, वेदना कमी जाणवते का, अशा प्रकारचे. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. मानसशास्त्रज्ञाने मुलाचं निरीक्षण करायचं आणि पालकांना विचारून गुण द्यायचे. एकूण गुण ४० ते २०० मध्ये येतात. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. मग गुणांचे टक्के होतात: ७० ला ४० टक्के, ७१ ते ८८ ला ५० टक्के, असं चढत चढत १५८ च्या वर १०० टक्के.

यातली मेख बघा. ऑटिझम आहे की नाही, आणि मदत मिळावी इतका आहे की नाही, हे दोन निराळे प्रश्न. या पद्धतीत दोन्हींची रेघ एकाच आकड्यावर, सत्तरवर आली. खासगी विकासात्मक बालरोगतज्ज्ञाने स्वच्छ निदान लिहून दिलेल्या मुलाला प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी वैद्यकीय बोर्डात ६८ गुण पडले, तर सरकारदरबारी त्याला ऑटिझमच नाही. शिवाय लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. चार वर्षं थेरपी घेऊन मूल बोलायला लागलं, नजर देऊ लागलं, की नूतनीकरणाला गुण कमी पडणार. ज्या आधारावर ते मूल शाळेत टिकलं आहे, तोच सुटण्याची भीती. म्हणून बोर्डाच्या दिवशी आईवडील मुलाची प्रगती सांगायला कचरतात. मुलाने काल पहिल्यांदा "आई, पाणी" म्हटलं, हे सांगताना बाई दबून बोलते, हे चित्र फार वाईट आहे.

ही मोजपट्टी सगळीकडे एकच, पण ती लावणारा हात एकच नाही. बोर्डावर जिल्हा शल्यचिकित्सक, मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ लागतात. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात हे तिघं मिळतात. सिव्हिलमध्ये मानसशास्त्रज्ञाचं पद रिकामं असेल, तर बोर्डाचा वार येतो आणि जातो. पोर्टलवर अर्ज पडून राहतो, तारीख पुढे जाते. व्हरांड्यात शंभर माणसांची रांग, नाव पुकारणारा माणूस, ढकलाढकल, आणि त्यात दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेलं सात वर्षांचं मूल. आत गेल्यावर ते रडून गोंधळ घालेल किंवा एकदम थिजून जाईल. दोन्हींचे गुण वेगळे पडतील. आई पावरी किंवा माडिया बोलणारी असेल आणि विचारणारे मराठीत विचारत असतील, तर चाळीस मुद्द्यांची उत्तरं तिसऱ्याच कुणाच्या तोंडून जातात.

यावर काही जिल्ह्यांत एक पळवाट रुळली. बुद्ध्यांक चाचणी करणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, तेवढीच सोय आहे, मग मुलाला बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र द्यायचं. कागद मिळाल्याने पालकही सुटल्यासारखे होतात. "किती टक्क्यांचं मिळालं?" एवढंच सगळे विचारतात, कशाचं ते कुणी विचारत नाही. माझ्या मते जिल्ह्याजिल्ह्यांतला फरक टिकून राहण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. निदान करणारा नाही म्हणून मूल दुसऱ्या रकान्यात गेलं. त्यामुळे जिल्ह्याच्या आकड्यांत ऑटिझमची मुलं दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून आराखड्यात स्पीच थेरपिस्टचं पद, ऑटिझमचं प्रशिक्षण, वेगळा वर्ग यांची मागणी जात नाही. २०११ च्या जनगणनेचाही आधार नाही. महाराष्ट्रात तेव्हा २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, पण रकाने आठ होते आणि ऑटिझमचा त्यात नव्हता. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या केंद्रीय पोर्टलवरूनच देणं बंधनकारक झालं, त्यामुळे ऑटिझमचा निराळा आकडा निघू लागला. पण पोर्टलवर दिसते ती प्रमाणपत्रांची संख्या. ज्या जिल्ह्यात बोर्ड नीट चालतो तिथे ती जास्त दिसणारच. ती वाचून "आमच्याकडे ऑटिझम कमी आहे" असं कुणी म्हणत असेल, तर ते चूक आहे.

पत्त्याची आणखी एक गाठ आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे अर्ज राहत्या जिल्ह्यात करायचा, किंवा मूल जिथे उपचार घेतं त्या सरकारी रुग्णालयात. थेरपीसाठी बीडहून किंवा धाराशिवहून पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबाचं आधार कार्ड गावचंच असतं आणि थेरपी खासगी सेंटरमध्ये चालते. म्हणजे नियमाच्या दोन्ही पायांवर ते उभं राहत नाही, आणि बोर्डासाठी त्याला गावाकडे पाठवलं जातं.

शाळेची बाजू थोडी बरी आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन न्यासाच्या कायद्यातले चारही प्रकार आत आले आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. घरी शिकवायला विशेष शिक्षक आठवड्यातून एकदाच येणार असेल, तर त्याला शिक्षण म्हणावं का, हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेत दिव्यांग असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. मोठ्या शहरात खासगी स्पीच थेरपीच्या थोड्या सेशनमध्येच ती रक्कम संपेल. दहावी-बारावीला तासामागे वीस मिनिटं जादा, लेखनिक, अशा सवलती आहेत, पण त्यांनाही प्रमाणपत्र लागतं, आणि ते कुठून आणायचं हे वर आलंच आहे.

पैशाचा आणखी एक स्रोत मुळातच असमान आहे. राज्यातल्या ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. उद्योगांच्या जोरावर चालणाऱ्या महापालिकेचे पाच टक्के म्हणजे दिव्यांग भवन, थेरपी केंद्र, दरमहा अर्थसाहाय्य. घरपट्टीही धड वसूल न होणाऱ्या ग्रामपंचायतीचे पाच टक्के म्हणजे मार्चअखेरीस गावातल्या सगळ्या दिव्यांगांना वाटून दिलेली काही शे रुपयांची रक्कम. तेवढ्यात मुलासाठी काय उभं राहणार? काही गावांनी एकत्र येऊन हा निधी तालुक्याच्या थेरपी केंद्राला द्यावा, असं सुचवलं जातं, पण निधी वाटून टाकणं सोपं असतं. महानगरांबाहेर वेगळं काही होऊच शकत नाही असंही नाही. लातूरला ऑटिझमसाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या कुटुंबांना मुंबई-पुण्याआधी एक ठिकाण मिळालं.

अलीकडचे दोन निर्णय नोंदवायला हवेत. ३ डिसेंबर २०२२ ला राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागाची घोषणा केली. त्याआधी हा विषय सामाजिक न्याय विभागात होता. आणि २०२४ मध्ये राज्यातल्या ४,८६० शैक्षणिक केंद्रांसाठी (केंद्र म्हणजे जवळपासच्या काही शाळांचा गट) प्रत्येकी एक विशेष शिक्षक असं पद मंजूर झालं, त्यात वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षकांना सामावून घ्यायचं ठरलं. हे शिक्षक वेगवेगळ्या प्रकारांत शिकलेले आहेत. कुणाची पदविका कर्णबधिरांसाठीची, कुणाची दृष्टिहीनांसाठीची, कुणाची बौद्धिक अक्षमतेची. पूर्वी जिल्ह्यात ज्या प्रकारचं प्रशिक्षण महाविद्यालय होतं, त्या प्रकारचे शिक्षक तिथे जास्त. केंद्रातल्या सगळ्या शाळांमधली, एकवीस प्रकारांपैकी कुठलीही मुलं एकाच शिक्षकाकडे येणार. त्यात ऑटिझम असलेल्या मुलाला चित्रांची पाटी लावून दिवसाचा क्रम कसा समजावायचा, मधल्या सुट्टीच्या गोंगाटातून त्याला बाजूला कसं न्यायचं, हे शिकलेला शिक्षक कुठल्या केंद्राला मिळेल हे आत्ता तरी योगायोगावर आहे. आपल्या केंद्राच्या शिक्षकाचं प्रशिक्षण कशातलं आहे, हे पालकांना मुख्याध्यापकांकडे किंवा जिल्हा परिषदेच्या समावेशित शिक्षणाच्या जिल्हा समन्वयकांकडे विचारता येतं, आणि ऑटिझमच्या सेवाकालीन प्रशिक्षणाची लेखी मागणीही तिथेच करता येते.