तारकर्ली की देवबाग? बुकिंग करायच्या आधी एवढं वाचा

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला, म्हणाली ताई तारकर्लीला रूम घेतलीये, चार दिवसांची, एकदम बीचवर, आणि रेट पण परवडणारा. मी म्हटलं लोकेशन पाठव. पाठवलं तर ते देवबागच्या पार टोकाला निघालं, तेही खाडीच्या बाजूला. तिच्यासोबत तीन वर्षांचं लेकरू आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई. संध्याकाळी वाळूत बसायचं आणि पोराला लाटेत पाय बुडवून द्यायचे, एवढाच त्यांचा प्लॅन. रूम छानच होती, मालकही चांगले होते, पण ती जागा यांच्यासाठी नव्हती. ॲपवर गावाच्या नावापुढे 'तारकर्ली' लिहिलं होतं. देवबागच्या निम्म्याहून जास्त खोल्या तशाच दिसतात कारण शोधणारा माणूस तारकर्लीच टाइप करतो.

म्हणून नीट सांगते. आम्ही सहा वर्षांत चार वेळा गेलोय, दोनदा तारकर्लीत राहिलो, दोनदा देवबागात, आणि दर वेळी घरची मंडळी वेगळी होती.

नकाशा डोळ्यासमोर आणा. मालवणहून दक्षिणेकडे निघालात की आधी वायरी लागतं, मग तारकर्ली, मग देवबाग, आणि तिथे रस्ता संपतो. डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी, उजव्या हाताला समुद्र. जसजसं पुढे जाल तसतशी मधली जमीन निमुळती होत जाते आणि शेवटी नदी समुद्राला मिळते तो देवबागचा संगम, समोर पलीकडे भोगवे. मालवण ते तारकर्ली साधारण सात किलोमीटर आणि देवबागचं टोक बाराच्या आसपास. ऐकायला फरक पाच किलोमीटरचा वाटतो पण सुट्टीचा सगळा स्वभाव त्या पाच किलोमीटरमध्ये बदलतो, आणि खर्चही.

तारकर्ली म्हणजे मुळात किनारा. लांबलचक, सरळ, रुंद, बारीक वाळू, मागे सुरूची झाडं. एमटीडीसीचं रिसॉर्ट इथेच आहे, पर्यटक पहिल्यांदा यायला लागले ते याच नावाने. इथे राहिलं की सकाळी उठून चप्पल न घालता समुद्रावर जाता येतं, आजी-आजोबा सावलीत खुर्ची टाकून बसतात, पोरं तीन-तीन तास वाळूत खड्डे खणतात आणि खर्च शून्य. नशीब असेल तर पहाटे वायरी-दांडीच्या बाजूला रापण ओढताना बघायला मिळते, किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून मोठं जाळं आत खेचत असतात, आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, त्यानेही दोराला हात लावला, कुणी हाकललं नाही, उलट एका काकांनी त्याच्या हातात एक जिवंत खेकडा दाखवायला धरला. चार दिवसांत आम्ही पैसे मोजून जे काही केलं त्यातलं त्याला आज काहीच आठवत नाही, रापण आठवते.

देवबागला समुद्र आहेच, पण तिथली खरी मजा खाडीची. पट्टी इतकी अरुंद की बऱ्याच घरांतून एका बाजूला पाच-सात मिनिटं चाललं की समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पायरी उतरली की खाडीचं पाणी. सकाळी खाडी आरशासारखी स्थिर असते, समोर माडांची रांग, मधे एखादी होडी. ज्यांना शांतपणे पाण्याकडे बघत चहा प्यायचाय त्यांनी देवबागच घ्यावं, मी तर म्हणेन नवरा-बायको दोघंच असाल किंवा मुलं दहा-बाराच्या पुढची असतील तर डोळे मिटून घ्यावं. बोटीही तिथूनच सुटतात, संगम, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, सगळं हाताशी. फक्त समुद्राच्या बाजूला तारकर्लीसारखा सलग रुंद किनारा सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका. देवबागची किनारपट्टी समुद्र वर्षानुवर्षं खातोय, त्यामुळे काही ठिकाणी दगडांचे बंधारे घातलेत, तिथून लहान मुलांना खाली उतरवणं सोपं नाही. रूम घेताना मालकांना स्पष्ट विचारा, समोर वाळू आहे की बंधारा. खरं सांगतात, आम्हाला दोन्ही वेळा खरंच सांगितलं.

आणि संगमावर पोहायचं नाही, म्हणजे अजिबात नाही. दिसायला पाणी शांत दिसतं, पण भरती-ओहोटीला नदीचं आणि समुद्राचं पाणी एकमेकांत घुसत असतं आणि खालून ओढ असते. पोहता येणाऱ्या माणसालाही तिथे भरवसा नाही.

त्सुनामी आयलंडचं पण सांगून ठेवते कारण नावावरून लोकांना वाटतं मोठं बेट आहे. तो खाडीतला वाळूचा उंचवटा आहे, २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं तिथले लोक सांगतात. ओहोटीला वाळू उघडी पडते तेव्हा खेळायला मजा येते, भरतीला त्यावर पाणी चढतं. म्हणजे तिथे कधी जायचं हे घड्याळ नाही ठरवत, भरती ठरवते, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. दुसऱ्या ट्रिपला आम्ही दुपारी जेवून निघणार होतो, तर होमस्टेच्या काकूंनी दारातच थांबवलं, "आता भरती लागली हा, फाल्यां सकाळी जावा." दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पोरांना घोट्याएवढ्या पाण्यात पळता आलं. आदल्या दिवशी गेलो असतो तर तेवढेच पैसे देऊन नुसतं बोटीत बसून परत आलो असतो.

आता पैशाचं, कारण खरी गफलत इथेच होते.

दोन्हीकडे खोल्यांचे रेट साधारण एकाच पट्ट्यात असतात, त्यामुळे रूमच्या रेटवरून गाव निवडू नका. रोजचं जाणं-येणं बघा. मालवणला कितीदा जाणार आहात? सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या जेटीवरून, बाजार मालवणात, खाजं आणि कोकम-आगळ घ्यायचं मालवणात, रॉक गार्डनचा सूर्यास्त मालवणात. हे सगळं वेगवेगळ्या दिवशी करणार असाल तर देवबागहून प्रत्येक वेळी रिक्षाचा फेरा मोठा पडतो, तारकर्लीहून कमी. उलट मुलं मोठी आहेत आणि दोन दिवस बोटी, बनाना राइड, पॅरासेलिंग हेच करायचंय तर देवबागात राहून तो फेरा वाचतो. मालवण डेपोच्या एसटी देवबागपर्यंत जातात, स्वस्त पडतात, पण फेऱ्या ठरलेल्या असतात, म्हणून उतरल्या उतरल्या स्टँडवर वेळा लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, रेट सांगतात तो रूमचा की माणशी? होमस्टेवाले बहुतेकदा माणशी सांगतात, त्यात नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरलेलं असतं, ॲपवर मात्र रूमचा असतो आणि जेवण वेगळं. समजा एकीकडे माणशी १२०० सांगितले, दोन मोठे आणि दोन लहान, लहानांना अर्धे, म्हणजे दिवसाचे ३६००, खाऊन-पिऊन. दुसरीकडे रूम २२००, वाटतं स्वस्त, पण चार जणांचा नाश्ता, दोन वेळच्या मासळीच्या थाळ्या, चहा हे धरलं की सहज ३६०० च्या पुढे जातं. हे आकडे हिशोब समजायला घेतलेत, रेट सीझनप्रमाणे बदलतात, पण विचारायची पद्धत हीच. शिवाय माणशी रेटमध्ये मासळी कोणती ते विचारा, बांगडा धरलेला असतो, सुरमई-पापलेट बहुतेक ठिकाणी वेगळं आणि तुकड्याच्या आकारावर. घरात कुणी मासे खात नसेल तर तेही आधी बोला, शाकाहारी जेवणाचा रेट कमी करतात आणि काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, घावणे यात कुणी उपाशी राहत नाही.

बोटीचंही तसंच. "एवढे होतील" म्हटलं की लगेच विचारायचं, बोटीचे की माणशी? पूर्ण बोट ठरवली असेल तर शेजारच्या रूममधल्या कुटुंबाला बरोबर घ्या, खर्च निम्मा होतो आणि पोरांना सोबत मिळते.

स्कूबाबद्दल माझं मत ठाम आहे. माहीत नसलेल्याला खाली नेतात ते ट्रेनर धरून नेतो, पाच-दहा मिनिटांचा अनुभव असतो, छान असतो, माझ्या नवऱ्याने केलाय. पण दहा वर्षांखालच्या मुलाला मी पाठवणार नाही. आणि बोटीत चढताना माणसं मोजा, सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे का बघा, नसेल तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. मे २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटली होती आणि दोघांचा जीव गेला. स्वस्तात सहल करायची म्हणजे इथे काटकसर करायची असं नाही.

कधी जायचं? दिवाळीचा आठवडा, नाताळ ते नवीन वर्ष आणि पूर्ण मे महिना, यात रेट चढलेलेच असतात. मे च्या शेवटी तर समुद्र खवळायला लागतो, किल्ल्याच्या आणि राइडच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद होतात, त्यामुळे ३० मे ला स्वस्त मिळालं म्हणून जाल तर फक्त घाम पुसत बसाल. शाळेत न जाणारं लेकरू असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर सोन्यासारखा काळ, २६ जानेवारीचा वीकेंड तेवढा सोडा. ऊन असतं पण अंगाला लागत नाही, पाणी स्वच्छ असतं, आणि परीक्षांमुळे गर्दी नसते म्हणून मालक स्वतःहून कमी करतात. शाळेची मुलं असतील तर दिवाळीच्या सुट्टीचा दुसरा आठवडा किंवा एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या संपल्या, आणि जमलं तर सोमवार ते गुरुवार.

जाण्यासाठी मुंबईकरांना कुडाळ स्टेशन धरा. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, तिन्ही तिथे थांबतात. कुडाळ ते मालवण तीसेक किलोमीटर, स्टेशनातून थेट खासगी गाडी करण्याऐवजी कुडाळहून एसटीने मालवण आणि तिथून रिक्षा केली तर बराच फरक पडतो, सामान कमी असेल तर. तिकीट आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, म्हणून तारीख मोजून गजर लावून ठेवा. पाच ते बाराच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागतं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं. एका रात्रीसाठी आम्ही सहा वर्षांच्या मुलीला शेजारी घेऊन झोपवली होती, जमलं. आणि तुतारी दादरहून रात्री बारानंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचंय तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. माझ्या मामेभावाने शुक्रवारचं काढलं आणि स्टेशनवर पोचेपर्यंत त्याची गाडी जाऊन जवळपास चोवीस तास झाले होते, चार जणांची तिकिटं वाया.

अजून एक गोंधळ. देवबाग नावाचं आणखी एक ठिकाण आहे, कारवारला, कर्नाटकात. तिथेही नदी समुद्राला मिळते आणि त्या नदीचं नाव काळी. इथली कर्ली, तिथली काळी, दोन्हीकडे देवबाग, दोन्हीकडे बीच रिसॉर्ट. मालवणहून ते दीडशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. इंग्रजीत सर्च करताना दोन्ही एकाच यादीत येतात, म्हणून पैसे भरायच्या आधी पत्त्यात मालवण तालुका आणि सिंधुदुर्ग जिल्हा आहे ना ते वाचा.

किल्ल्यावर सकाळीच जा, कातळ आणि तटबंदी दुपारी तापते. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं, आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मुलांना ही नावं फार आवडतात. पाण्याची बाटली आणि टोप्या घेऊन जा, बाकी काही लागत नाही.

बहिणीचं काय केलं ते सांगायचं राहिलं. रद्द करायची मुदत दोन दिवस उरली होती, तेवढ्यात केलं. मग तीन रात्री तारकर्लीत, किनाऱ्याला लागून तळमजल्यावरची खोली, सासूबाईंना जिना नको म्हणून. आणि एक अख्खी सकाळ देवबागसाठी ठेवली, ओहोटी बघून, रिक्षा जाऊन-येऊन ठरवून. चौथी रात्र तिने काढूनच टाकली, त्या पैशात परतीचं तिकीट स्लीपरऐवजी थ्री एसीचं झालं. आता ती मला रोज विचारते की लेकराला वाळूत खेळायला घरातला भाजीचा झारा नेला तर चालेल का. मी म्हटलं ने, आम्ही पण तोच नेला होता.