पाठवलेली प्रत आणि खपलेली प्रत

"पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली" हे वाक्य प्रकाशन समारंभात, रविवारच्या पुरवणीत आणि हल्ली व्हॉट्सॲपवर इतक्या वेळा भेटते की त्याचा नेमका अर्थ विचारणे उद्धटपणाचे वाटावे. नाशिकमध्ये शालिमारजवळच्या एका पुस्तक वितरकाकडे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हा उद्धटपणा मला पोटासाठी करावा लागला. अलीकडे घरातली तरुण मंडळी व्हिडिओ गेमच्या बातम्या वाचून दाखवतात, "अमक्या गेमच्या इतक्या कोटी प्रती गेल्या" म्हणून सांगतात, आणि तिथेही तोच घोळ तसाच दिसतो. प्रत पाठवणे आणि प्रत खपणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांमध्ये कधी कधी वर्ष-दीड वर्षाचे अंतर असते, आणि पहिली घडली म्हणून दुसरी घडतेच असे नाही.

आवृत्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. एकेकाळी ती हजार-अकराशे प्रतींची असे, आता पुष्कळदा तीनशे-पाचशेंची असते, आणि मागणीनुसार छपाईची सोय झाल्यापासून पन्नास प्रतींनाही आवृत्ती म्हणणारे महाभाग आहेत. मजकुरात फेरफार झाला तर नवी आवृत्ती आणि तोच मजकूर पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण, हा भेद शाळेच्या ग्रंथपालालाही ठाऊक असतो, त्यामुळे त्यावर अधिक शाई खर्च करीत नाही. ज्या भेदापाशी भले भले लेखक अडखळतात तो छपाईचा नसून हिशेबाचा आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तो कांद्यावरून चटकन कळावा. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव झाला, वजनकाटा झाला आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडली की त्याच्यापुरती विक्री पूर्ण झाली. पुढे व्यापाऱ्याने तो माल दिल्लीला पाठवला, खळ्यावर ठेवला किंवा त्याला कोंब फुटले, तरी तो कांदा शेतकऱ्याच्या दारात परत येत नाही. भाव पडला तर रडायची वेळ येते, पण विकलेला माल विकलेलाच राहतो. पुस्तकाचे तसे नाही, आणि सगळी मेख इथेच आहे: पुस्तक परत येते.

या धंद्याला जुना शब्द आहे, जाकड. माल दुकानदाराच्या ताब्यात द्यायचा, पण विक्री धरायची नाही; खपला तर पैसे घ्यायचे, न खपला तर माल परत घ्यायचा. काही दुकानदार परत न करण्याच्या बोलीवर रोखीने माल घेतात आणि त्याबदल्यात जास्त सवलत मागतात, त्यांच्याकडे गेलेली प्रत कांद्यासारखी कायमची जाते. परंतु नव्या लेखकाचे पहिले पुस्तक रोखीने घेणारा दुकानदार विरळा असतो, त्यामुळे असे पुस्तक बहुतेक वेळा जाकडावरच बाहेर पडते. ते बाहेर पडते तेव्हा आम्ही विक्रीचे बिल न फाडता फक्त माल पाठवल्याची नोंद असलेले चलन फाडतो. ज्यांना विक्रीचे आकडे जाहीर करण्याची हौस आहे त्यांनी आधी चलन आणि बिल यांतला फरक पाहावा, अशी माझी नम्र आणि थोडी त्रासलेली विनंती आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, 1,000 प्रतींची आवृत्ती छापली. त्यातल्या 100 लेखकाला, परीक्षणासाठी आणि भेट म्हणून गेल्या, आणि उरलेल्या 900 वितरकांमार्फत पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील दुकानांत जाकडावर पोहोचल्या. प्रकाशकाचे गोदाम तीन आठवड्यांत रिकामे झाले. लेखकाने फोन केला तेव्हा प्रकाशक म्हणाला, "आवृत्ती संपली," आणि ते खरेच होते. उत्साहाच्या भरात आणखी 1,000 प्रती छापल्या गेल्या आणि मुखपृष्ठावर "दुसरी आवृत्ती" असा लाल शिक्का आला. आठ महिन्यांनी मार्चअखेर जवळ आली, दुकानदारांनी फळ्या मोकळ्या केल्या आणि पहिल्या 900 पैकी 450 प्रती परत आल्या. दुसऱ्या आवृत्तीचे गठ्ठे गोदामातच धरले, तर आता छापलेल्या प्रती 2,000 आहेत, दुकानांत पाठवलेल्या 900 आणि खपलेल्या 450. या साखळीत कोणीही खोटे बोललेले नाही, आणि तरीही "दोन आवृत्त्या विकल्या गेल्या" हे वाक्य साफ चुकीचे आहे.

परत आलेला माल मोजणे हे आमच्या कामातले सर्वांत उदास काम असते. फळीवर राहिलेल्या प्रतींचा कणा उन्हाने फिकट झालेला असतो, मलपृष्ठावर दुकानाच्या किमतीची चिठ्ठी अर्धवट खरवडलेली असते, एखाद्या प्रतीत कोणीतरी एकोणिसाव्या पानापर्यंत वाचून घडी घातलेली असते. त्या प्रतींनी निदान गिऱ्हाईक तरी पाहिलेले असते. याहून वाईट म्हणजे न उघडलेला गठ्ठा. एकदा दूरच्या तालुक्याच्या गावाहून 25 प्रतींचा गठ्ठा परत आला, तेव्हा त्यावरची सुतळी आमची होती, गाठ आमच्याच माणसाची होती आणि कागदावरचा पत्ता माझ्याच अक्षरातला होता. तो गठ्ठा नऊ महिने "पाठवलेला" या सदरात होता आणि त्या नऊ महिन्यांत त्या लेखकाचे दोन ठिकाणी सत्कार झाले होते.

हा घोळ लेखकाच्या डोक्यात का पक्का बसतो, याचे एक कारण मानधनात आहे. काही प्रकाशक आवृत्तीवर एकरकमी मानधन देतात. ज्या दिवशी आवृत्ती छापली त्या दिवशी पैसे मिळाले, त्यामुळे लेखकाच्या दृष्टीने आवृत्ती म्हणजेच विक्री होऊन बसते. जिथे करारात परतावा, म्हणजे परत आलेल्या प्रती, वजा जाता निव्वळ विक्रीवर टक्केवारी ठरलेली असते, तिथे लेखक दुसऱ्याच वर्षी हिशेब वाचायला शिकतो. मला दुसरी पद्धत अधिक पसंत आहे, कारण तिच्यात कोणालाच फुगवटा परवडत नाही.

जपानमध्ये मांगा म्हणजे चित्रकथांच्या पुस्तकमालिकांची लोकप्रियता परंपरेने छापलेल्या प्रतींवरूनच सांगितली जाते. 'वन पीस' या मालिकेच्या गिनेस विक्रमात डिसेंबर 2014 अखेरचा जो 32,08,66,000 चा आकडा आहे, तो छापून प्रसिद्ध झालेल्या प्रतींचा आहे, आणि विक्रमाच्या शब्दांतही तो तसाच सांगितलेला आहे. त्या मालिकेचा खप प्रचंड आहे यात शंका नाही, पण आपल्याकडे तो आकडा येईपर्यंत "विकल्या" हे क्रियापद कुठून तरी चिकटते. याउलट अमेरिकेत 2001 पासून बुकस्कॅन या पुस्तकविक्री मोजणाऱ्या सेवेने दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की प्रत मोजायची, ही पद्धत रूढ केली. ही मोजणी खपाची आहे. आपल्याकडे ग्रंथप्रदर्शनात कार्बन घालून फाडलेले बिलबुक कोणत्याही यंत्रणेत जात नाही, म्हणून मराठी खपाचा आकडा प्रकाशकाच्या वहीतच राहतो आणि वहीवर विसंबावे लागते.

आता गेम. इथे हाच भेद आपल्याहून जास्त उघडपणे मान्य केलेला आहे. कंपनीने दुकानदारांना विकलेला माल वेगळा आणि दुकानदाराने ग्राहकाला विकलेला माल वेगळा, असे दोन शब्द त्या उद्योगात रोजच्या वापरात आहेत. 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' च्या 20 कोटींहून अधिक प्रती गेल्या असे टेक-टू ही कंपनी सांगते, तेव्हा ती आपल्या पत्रकात दुकानदारांना व ऑनलाइन विक्रीमंचांना दिलेल्या मालाचाच शब्द वापरते. निन्टेंडो या गेम कंपनीच्या अहवालातही व्यापाऱ्यांकडे गेलेला माल आणि ग्राहकापर्यंत पोहोचलेला माल यांचा विचार वेगवेगळा होतो. कंपन्या आपले शब्द काळजीपूर्वक निवडतात, आणि मग बातमी लिहिणारा दोन्हींचे भाषांतर "विक्री" असे एकच करून टाकतो.

या भेदाची सर्वांत महागडी शिकवणी अटारी या कंपनीने घेतली. 1982 च्या नाताळच्या तोंडावर तिने 'ई.टी.' या चित्रपटावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत तयार करून बाजारात लोटला. सुमारे 15 लाख कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या डब्या, खपली, जो आकडा त्या काळाच्या मानाने अजिबात लहान नव्हता. पण कंपनीने त्याहून कितीतरी जास्त माल बनवून पाठवला होता. दुकानांतून माल उलटा फिरला आणि सप्टेंबर 1983 मध्ये न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचरा डेपोत रिकामे करण्यात आले. एप्रिल 2014 मध्ये ती जागा उकरली गेली तेव्हा ती कार्ट्रिज खरोखरच निघाली. हे वाचताना मला आमचा सुतळीचा गठ्ठा आठवतो. फरक एवढाच की आमच्या गठ्ठ्यावर माती टाकण्याऐवजी आम्ही तो रद्दीवाल्याला घातला.

गेम आता बहुतेक इंटरनेटवरूनच उतरवले जात असल्यामुळे हे अंतर पुष्कळ कमी झाले आहे. गोदाम नाही, गठ्ठा नाही, फळी नाही. ग्राहकाने पैसे भरले की खप झाला. तिथेही परतावा आहे, पण त्याला मुदत आहे. स्टीम या विक्रीमंचावर 2015 पासून खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत पैसे परत मागता येतात. म्हणजे पंधरवड्यानंतर आकडा जवळपास पक्का होतो. आमच्या जाकडाला असा पंधरवडा असता तर मार्च महिना मला सुसह्य झाला असता.

बाकीचे भेद किरकोळ आहेत, ते उरकून घेतो. खेळाडूंची संख्या म्हणजे विकलेल्या प्रतींची संख्या नव्हे: 'स्टारफील्ड' या गेमने 2023 मध्ये एक कोटी खेळाडूंचा आकडा जाहीर केला तेव्हा त्यात मासिक वर्गणी भरून खेळणारेही होते. फुकट गेम उतरवणे म्हणजे विक्री नव्हेच. कन्सोल म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्राबरोबर आलेली प्रत ही निवडून घेतलेली प्रत नसते. 'वी स्पोर्ट्स' या गेमच्या 8 कोटी 29 लाख प्रतींपैकी मोठा भाग जपानबाहेर कन्सोलच्या खोक्यातच आलेला होता. लेखकाने स्वतः विकत घेऊन आप्तेष्टांना वाटलेल्या प्रतींचे बिल फाटते, पैसेही जमा होतात, तरी मी त्यांना खपात धरत नाही, आणि या मुद्द्यावर माझे अनेकांशी वाजलेले आहे. न्यूयॉर्क टाइम्स आपल्या खपाच्या यादीत घाऊक खरेदीची शंका असलेल्या पुस्तकापुढे कट्यारीचे चिन्ह छापते. अशी एखादी कट्यार आपल्याकडेही असावी असे मला फार वाटते.

ग्रंथालयांची खरेदी मात्र मी पूर्ण खप मानतो, मग ती शासकीय योजनेतून झालेली असली तरी. ती प्रत परत येत नाही, आणि एका प्रतीमागे वाचक अनेक असतात. 1840 पासून चालू असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातील एखाद्या प्रतीवर पडलेले तारखांचे शिक्के पाहिले, किंवा कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातली पुस्तकांची पेटी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाताना पाहिली, की खपाचा आकडा वाचनाच्या मानाने किती तोकडा असतो ते कळते.

मग यश कशाला म्हणावे? खप समजला तरी खर्च समजल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. 2013 मध्ये 'टूम रेडर' च्या नव्या गेमच्या चार आठवड्यांत 34 लाख प्रती गेल्या आणि तरीही स्क्वेअर एनिक्स या त्याच्या कंपनीने त्या अपेक्षेहून कमी ठरवल्या, कारण तो बनवण्यावर आणि त्याच्या जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतलेला होता. आमच्याकडे एखाद्या कवितासंग्रहाच्या 500 प्रती परतावा वजा जाता दोन वर्षांत खपल्या तर प्रकाशक समाधानाने चहा मागवतो. हे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडून मराठी वाचकाला लाजवणाऱ्या लेखांची मला विशेष चीड आहे.

काही पुस्तकांच्या बाबतीत तर एकच एक आकडा असूच शकत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. गुरुजींचे निधन 1950 मध्ये झाले, आपल्या कायद्याप्रमाणे 60 वर्षांनी, म्हणजे 2010 च्या अखेरीस, त्यावरील स्वामित्वहक्क संपला, आणि तेव्हापासून ते कोणालाही छापता येते. आमच्याच गोदामात त्याच्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या प्रती निरनिराळ्या किमतींना शेजारीशेजारी उभ्या असतात. त्यांतल्या एकाने मुखपृष्ठावर छापलेला आवृत्तीचा क्रमांक त्याच्या छापखान्यापुरता असतो. त्या प्रतींचे मी चलन कमी आणि बिल जास्त फाडतो, कारण हे पुस्तक जून महिन्यात लहान गावचे दुकानदारसुद्धा रोखीने नेतात.