ओढ्याच्या तळाची तपासणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेच जण हातात पाण्याची बाटली घेऊनच येतात. "एवढं तपासून सांगा, आमचा ओढा चांगला आहे का?" बाटली आम्ही ठेवून घेतो, पण आधी एक गोष्ट सांगतो. बाटलीतले पाणी फक्त भरल्या वेळेचे असते. सकाळी अकराला भरलेल्या बाटलीला रात्री ओढ्यात काय सुटले ते माहीत नसते. तळाला दगडाखाली राहणाऱ्या जिवांच्या मात्र अंगावरून ते सगळे पाणी गेलेले असते. पाणी बिघडले की मासा वरच्या डोहाकडे सरकतो. या किड्यांना आणि शेवाळाला सहजी पळता येत नाही. कोण टिकले आणि कोण गेले यावरून गेल्या काही महिन्यांचा हिशेब लागतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ओढ्याचे सांगतो. गावाचे नाव देत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी तीनदा पाणी तपासून आणले होते, तिन्ही वेळा आकडे ठीक आले होते. आम्ही साकवाच्या वर आणि साकवाच्या खाली, अशा दोन जागी तळ तपासला. दोन्हींत अंतर जेमतेम दोनशे पावलांचे. तळातले जीव ट्रेमध्ये काढून घेतले. वरच्या जागेच्या ट्रेमध्ये बारा-तेरा कुळांचे किडे वळवळत होते. खालच्या ट्रेमध्ये लाल अळ्या आणि दोऱ्यासारखे गांडूळ, बाकी काही नाही. दगडांवर राखाडी, कापसासारखा थर. साकवाजवळ रात्री सांडपाणी सुटत होते आणि पहाटेपर्यंत वाहून जात होते. तिन्ही बाटल्या दिवसा भरलेल्या होत्या.

दगडाखाली कोण असते?

जांबोटी-कणकुंबीकडच्या वाहत्या, गार पाण्यातला तळहाताएवढा दगड हळूच उलटून बघा. खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे किडे झरकन कडेला सरकतात. ही मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याची पिल्ले. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात, ते सारखे हलत असतात. त्याच दगडाला पैशासारखी गोल चपटी अळी चिकटलेली दिसते. नखाने काढायला गेलात तर सुटत नाही. एखादी बारीक वाळूची नळीही दिसेल. ती कचरा समजून झटकू नका, आत कॅडिसफ्लायची अळी असते. स्वतःच्या लाळेच्या रेशमाने वाळूचे कण जोडून तिने ते घर बांधलेले असते.

सगळ्यांत नाजूक म्हणजे स्टोनफ्लाय. दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या, ही तिची खूण. तिला ट्रेमधल्या थांबलेल्या पाण्यात ठेवले की थोड्या वेळाने ती पाय रोवून अंग वर-खाली करू लागते, अगदी तालमीत दंड मारावेत तशी. कल्ल्यांवरून पाणी फिरते ठेवण्याची ती धडपड असते, कारण पाण्यातला प्राणवायू कमी होत चाललेला असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की प्राणवायूचा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा आमच्याबरोबर पाण्यात उतरा.

उलट, लाल अळी गाळात मजेत राहते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे अगदी थोड्या प्राणवायूवरही तिचे भागते. एखाद-दुसरी लाल अळी दिसली म्हणून घाबरू नका, ती चांगल्या ओढ्यातही असते. ती एकटीच उरली असेल तर मात्र काळजीचे कारण आहे.

गुण कसे देतो?

तळातल्या जिवांवरून पाण्याला गुण देण्याच्या मूळ ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण आहेत. स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना 10, लाल अळ्यांच्या कुळाला 2, गांडुळांना 1. कुळ एकदा सापडले की गुण एकदाच, मग किडा एक असो की शंभर. बेरजेला कुळांच्या संख्येने भागून सरासरी काढतो. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ही पद्धत भारतीय नद्यांसाठी बदलून घेतली आणि तिला विविधतेचा गुण जोडला. तो काढायला सोपा आहे. ट्रेमधले जीव एकेक करून उचलायचे आणि प्रत्येक जीव आधीच्यासारखा आहे की वेगळा, एवढेच बघायचे. अळी, अळी, अळी, गोगलगाय, अळी, असे निघाले तर सलग गट तीन (अळ्या, गोगलगाय, पुन्हा अळी) आणि जीव पाच, म्हणजे 0.6. सलग दहा अळ्याच निघाल्या तर 0.1. या दोन्ही गुणांवरून ओढा 'ए' ते 'ई' या पाच वर्गांपैकी एकात बसतो: 'ए' स्वच्छ, 'ई' अतिशय दूषित.

शेवाळ

दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर लोकांना घाण वाटतो. बहुतेक वेळा ते डायटम असतात. एका पेशीचे हे शेवाळ काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहते. आपल्या शेजारच्या कोल्हापूर परिसरातल्या डायटमांवर हे. प्र. गांधी यांनी 1950च्या दशकातच काम करून ठेवले आहे. आम्ही पाच-सहा दगड टूथब्रशने घासून तो थर गोळा करतो, रसायनाने पेशी जाळून नुसती कवचे उरवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेकड्याने मोजतो. किडे काही महिन्यांचे सांगतात, डायटम काही आठवड्यांचे. शेतातून युरिया-डीएपी वाहून आले असेल तर किड्यांच्या आधी शेवाळ बदलते. हिरव्या लांब जटा वाढल्या असतील तर वरच्या अंगाला खत किंवा शेण कुठून येते ते आम्ही शोधतो. कीटकनाशकाचे उलटे होते: शेवाळ जोमात असते आणि किडे नाहीसे झालेले असतात. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र कराव्यात, असे आमचे ठाम मत आहे.

केव्हा बोलवावे?

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. जुलैत, पूर ओसरल्यावर चारच दिवसांनी आम्ही एका चांगल्या ओढ्याचा तळ तपासला आणि 'दूषित' म्हणून कळवले. पुराने दगड उलथून सगळे जीव वाहून नेले होते, पाण्याचा काही दोष नव्हता. डिसेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा तोच ओढा वरच्या वर्गात आला. ग्राहकांची माफी मागून अहवाल बदलून दिला. तेव्हापासून पावसाळ्यात काम घेत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा आणि पाणी आटायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा तपासणी करावी. साखर कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा हंगामही याच काळात चालतो, त्यामुळे त्याचा परिणाम झाला असेल तर तोही दिसतो.

तुलना मात्र सारख्याची सारख्याशी करावी लागते. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या संथ, गाळाच्या पाण्यात स्टोनफ्लाय सापडली नाही म्हणून त्याला नापास करणे बरोबर नाही. निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगेला मिळणाऱ्या ओहळांची गोष्ट वेगळी, मलप्रभेच्या उगमाकडच्या ओढ्यांची वेगळी. म्हणून आम्ही प्रत्येक वेळी त्याच जातीची, वरच्या अंगाची एक जागा सोबत तपासतो. तिचे वेगळे पैसे लावत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काम असेल तर वनखात्याची परवानगी आधी लागते, तेवढे दिवस हाताशी ठेवा.

या अहवालाने काय होत नाही?

पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे किडे सांगत नाहीत. 'ए' वर्गाच्या ओढ्यातही जुलाबाचे जंतू असू शकतात. पिण्यासाठी आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे प्रयोगशाळेची तपासणी करून घ्या. कोर्टात पुरावा म्हणूनही आमचा कागद पुरत नाही. 1974च्या जल कायद्याखाली पुराव्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारीच ठराविक रीतीने घेतात. पण त्यांनी कुठे आणि कोणत्या वेळी यावे, हे अर्जात नेमके लिहायला आमचा अहवाल उपयोगी पडतो. अहवाल मराठीत देतो. पंचायतीत किंवा तालुका कचेरीत द्यायचा असेल तर कन्नड प्रत सोबत जोडतो.

आम्ही येण्याआधी

एकच विनंती. पाहुणे येणार म्हणून ओढा साफ करू नका. एका ठिकाणी मोठ्या आस्थेने आदल्या दिवशी जेसीबी लावून तळ खरवडला होता, दगड काढून काठावर नीट रचून ठेवले होते. त्या दगडांच्या खालच्या बाजूला वाळूच्या नळ्या तशाच चिकटलेल्या होत्या, उन्हात वाळलेल्या. ओढा आहे तसा राहू द्या, आणि गुरे त्या दिवसापुरती खालच्या अंगाला धुवा.