चीफ ऑफ द नेम : गेलिक राजघराण्यांचा वारसा

आयर्लंडमधील जुन्या गेलिक, म्हणजे इंग्रजी सत्तेआधीच्या आयरिशभाषक, राजघराण्यांच्या आजच्या वारसांचा मानाचा किताब. ओ’नील, ओ’ब्रायन, ओ’कॉनर, मॅकडर्मॉट, मॅककार्थी अशा घराण्याच्या प्रमुखाचे पाळण्यातले नाव न घेता आडनावाआधी फक्त ‘द’ लावतात : ‘द ओ’नील’, ‘द मॅकडर्मॉट’. १९४४ ते २००३ या काळात आयरिश सरकार या किताबाला सौजन्य म्हणून मान्यता देत असे. तीबरोबर जमीन, तनखा किंवा सत्ता यांतले काहीच मिळत नसे. तरीही काही घराण्यांनी याच किताबाच्या आधारे ‘प्रिन्स’ म्हणवून घेतले आणि नाममात्र सार्वभौमत्वाचा, म्हणजे स्वतः मानचिन्हे व पदव्या देण्याचा, हक्क सांगितला. हा दावा समजून घ्यायचा तर मुळात ते राजपद कसे मिळत असे इथपासूनच सुरुवात करावी लागते, कारण ते बापाकडून थोरल्या मुलाकडे जात नव्हते.

गेलिक कायद्यात गादीवर हक्क एका माणसाचा नसे, भाऊबंदांच्या एका वर्तुळाचा असे. या वर्तुळाला ‘डेर्व्हिने’ म्हणत : एका पणजोबाचे पुरुषवंशातले सगळे वारस. ज्याचा बाप, आजोबा किंवा पणजोबा राजा होऊन गेला तो पात्र. त्यांतून वयाने, कर्तबगारीने आणि पाठीराख्यांच्या बळाने सरस ठरेल त्याला निवडत. अंगात व्यंग असलेला माणूस बाद होई. राजा जिवंत असतानाच त्याचा उत्तराधिकारी, म्हणजे ‘टॅनिस्ट’, ठरवून ठेवण्याची रीत होती आणि तो बहुधा भाऊ, पुतण्या किंवा चुलतभाऊ असे. या रीतीतला मोठा दोष उघड आहे : पात्र माणसे फार, गादी एक. आयरिश बखरींत चुलत्या-पुतण्यांच्या कत्तली पानोपानी दिसतात त्या यामुळेच. दुसरा परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. एखाद्या शाखेत तीन पिढ्या कोणी राजा झाला नाही, तर चौथ्या पिढीपासून ती शाखा पात्रतेच्या वर्तुळाबाहेर पडे. प्रत्यक्षात बळकट शाखा हा नियम वाकवीत, पण नियम हाच होता. शेवटच्या अभिषेकानंतर चारशे वर्षांनी, म्हणजे साधारण तेरा-चौदा पिढ्यांनी, ‘मी राजवंशाचा’ म्हणणारा माणूस त्याच राजवंशाच्या कायद्याने केव्हाच अपात्र ठरलेला असतो.

निवड झाली तरी राजा होई तो ठरलेल्या टेकडीवर. ओ’नील घराण्याची जागा टिरोन परगण्यात कुक्सटाउनजवळ टलाहोग येथे होती. आजही तेथे झाडांनी वेढलेला, मातीच्या गोल बांधाचा गढीवजा चौथरा आहे. ही जागा ओ’हेगन घराण्याच्या ताब्यात असे. टेकडीच्या उतारावर ओबडधोबड दगडांचे आसन होते. त्यावर नव्या राजाला बसवीत, आणि ओ’हेगन व ओ’कॅहन या दोन मानकऱ्यांवाचून विधी पुरा होत नसे. त्यातला जोड्याचा मान प्रसिद्ध आहे : ओ’कॅहन नव्या राजाच्या डोक्यावरून जोडा फेकी. मग राजाच्या हाती पांढरी, सरळ, सालीविना काठी दिली जाई. सतराव्या शतकातल्या इतिहासलेखनात तिचा अर्थ दिला आहे : सरळपणा म्हणजे न्याय, पांढरा रंग म्हणजे सत्य, आणि काठीच असण्याचे कारण हे की अशा राजाला राज्य चालवायला शस्त्र लागू नये. मानकरी कोण, काठी कोणी द्यायची हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. कॉनॉट प्रांताच्या ओ’कॉनर राजांचा अभिषेक रॉसकॉमन परगण्यात टल्स्कजवळच्या कार्नफ्री या छोट्याशा दगडी ढिगाऱ्यावर होई. तेथे मॅकडर्मॉट हा मुख्य मानकरी आणि ओ’मलकॉनरी हा घराण्याचा विद्वान इतिहासकार असे. १३१० साली तेथे फेलिम ओ’कॉनरचा अभिषेक झाला. बखरकारांनी तो राजा आणि कॉनॉटची भूमी यांचे लग्न म्हणून वर्णिला आहे. राजा भूमीचा नवरा ही कल्पना ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीची आहे. म्हणून गेलिक सार्वभौमत्व रक्तात जितके होते तितकेच जागेत, मानकऱ्यांत आणि जमलेल्या भाऊबंदांच्या संमतीतही होते.

इंग्रजांनी ही व्यवस्था आधी कागदाने मोडली. १५४१ साली आठवा हेन्री स्वतःला आयर्लंडचा राजा म्हणवू लागला आणि ‘शरण या, परत घ्या’ असे धोरण सुरू झाले. गेलिक प्रमुखाने आपला किताब आणि मुलूख राजाच्या पायाशी ठेवायचा, इंग्रजी कायदा मान्य करायचा. मग तोच मुलूख त्याला इंग्रजी सरदारकीसह परत मिळे, पण आता वारसा थोरल्या मुलाकडे. अडचण अशी की जो मुलूख तो देऊन टाकत होता तो त्याचा नव्हताच. तो त्याच्याकडे हयातीपुरता होता आणि बाकीचा हक्क भाऊबंदांचा. १५४२ मध्ये कॉन बाकाक ओ’नील टिरोनचा अर्ल, म्हणजे इंग्रजी उमराव, झाला आणि वारस म्हणून मॅथ्यू या मुलाचे नाव लिहिले गेले. दुसरा मुलगा शेन याने ते धुडकावले. १५५८ मध्ये मॅथ्यू मारला गेला आणि पुढच्या वर्षी शेन गेलिक रीतीने ‘द ओ’नील’ झाला. थॉमंड या मुलुखाच्या ओ’ब्रायनांनी १५४३ साली शहाणपणाचा मधला मार्ग काढला : मरो ओ’ब्रायनला अर्ल ही पदवी हयातीपुरती, त्याच्यामागे ती टॅनिस्ट असलेल्या पुतण्याला, आणि मरोच्या स्वतःच्या मुलांना वेगळी इन्चिक्विन ही बॅरनी, म्हणजे धाकटी सरदारकी. पुढे अर्लांचा वंश खुंटला, पण बॅरनी टिकली. आजचे लॉर्ड इन्चिक्विन हेच ‘द ओ’ब्रायन’ मानले जातात, आणि म्हणून १०१४ साली क्लोंटार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरूचे वारसही.

कागदाने जे झाले नाही ते घणाने झाले. ह्यू ओ’नील १५९५ मध्ये टलाहोगला ‘द ओ’नील’ झाला. तो त्या जागेवरचा शेवटचा अभिषेक ठरला. किन्सेलच्या लढाईत ह्यूचा पराभव झाल्यावर १६०२ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड माउंटजॉयने ते दगडी आसन फोडून टाकले. १६०३ च्या तहात ह्यूने किताब सोडला, १६०७ मध्ये तो देशाबाहेर गेला, आणि १६०८ मध्ये न्यायालयाने टॅनिस्ट्रीची, म्हणजे टॅनिस्ट निवडण्याची, रीतच बेकायदा ठरवली.

किताब मात्र लोकांच्या तोंडी राहिला. ओ’कॉनर डॉन घराणे रॉसकॉमनमधल्या क्लोनालिस हाऊसमध्ये टिकून राहिले. या नावातला ‘डॉन’ स्पॅनिश नव्हे. गेलिक ‘दोन’ म्हणजे तपकिरी. १३८४ मध्ये घराणे फुटले तेव्हा तपकिरी केसांचा तुर्लो आणि लाल केसांचा तुर्लो अशा दोन शाखा झाल्या, त्यांतल्या पहिलीची ही ओळख. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकात आयर्लंडचा ध्वज धरण्याचा मान तेव्हाच्या ओ’कॉनर डॉनला मिळाला होता. इतर शाखा स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्समध्ये सैन्यात गेल्या आणि तिथेच रुजल्या. ओ’नील घराण्याची क्लॅनडेबॉय शाखा लिस्बनची झाली ती अशीच.

१९४३ साली डब्लिनमध्ये वंशावळ कार्यालय सुरू झाले. एडवर्ड मॅकलायसॅट हे त्याचे पहिले प्रमुख. त्या काळात कोणीही उठून आडनावाला ‘द’ लावत असे. त्याला आळा घालण्यासाठी त्यांनी कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या वारसांची यादी केली. हेतू चांगला होता, पण कसोटी चुकली. शेवटच्या अभिषिक्त प्रमुखापासून थोरल्या मुलाच्या ओळीने जो येईल तो ‘चीफ’, असा नियम ठरला. म्हणजे गेलिक पदाला इंग्रजी वारसा कायदा लावला गेला.

त्या कसोटीवरही दावा सिद्ध करणे सोपे नसते. प्रत्येक पिढीत बाप-लेकाचे नाते दाखवायचे, आणि शिवाय प्रत्येक थोरल्या भावाचा पुरुषवंश संपला हेही दाखवायचे. पहिले जमते, दुसऱ्यात बहुतेक दावे अडकतात. एखादा भाऊ १६९१ नंतर फ्रेंच सैन्यात गेला आणि पुढे काय झाले ते कळत नाही, एवढ्याने सारी साखळी सैल होते. कागदांची स्थितीही वाईट आहे. जमिनीच्या दस्तांची नोंदणी १७०८ पासून आहे. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या बऱ्याच ठिकाणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी सापडत नाहीत. सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून. त्यात १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातले दप्तरखाने जळाले आणि मृत्युपत्रे व जनगणनेचे कागद राखेत गेले. सतराव्या शतकाची मधली पोकळी भरायला उरतात ती जप्तीची कागदपत्रे, गेलिक वंशावळींच्या हस्तलिखित पोथ्या आणि परदेशात दिलेले कुलीनतेचे पुरावे. या शेवटच्या पुराव्यांवर जपूनच विसंबावे. ते मागणाऱ्याला नोकरी किंवा मान हवा असे आणि साक्षीदार त्याच्याच गोतावळ्यातले असत.

मॅककार्थी मोर, म्हणजे मॅककार्थी घराण्याच्या प्रमुखाचा किताब, याच्या प्रकरणात नेमके हेच घडले. डेसमंड या मुलुखाच्या या घराण्याची सरळ ओळ १५९६ मध्येच तुटली होती. शेवटचा अर्ल औरस मुलगा मागे न ठेवता मेला. त्याचा जावई फ्लॉरेन्स मॅककार्थी हा मॅककार्थी रे या धाकट्या शाखेचा. १६०० मध्ये ह्यू ओ’नीलच्या पाठिंब्याने तो मॅककार्थी मोर झाला, पण पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्याला पकडून लंडनला नेले. अशा तुटक्या पायावर १९९२ साली एका दावेदाराला सरकारी मान्यता मिळाली. तो मोरोक्कोतल्या तांजेरहून ‘प्रिन्स ऑफ डेसमंड’ म्हणून वावरू लागला. सोन्याच्या साखळीचा प्राचीन सन्मान म्हणून ‘नीआ नास्क’ त्याने चालवला, आणि सरंजामी पदव्या पैसे घेऊन दिल्या. सार्वभौम राजा मानाचा उगम असतो या कल्पनेवर हा सगळा व्यवहार उभा होता. वंशावळ खोटी असल्याचे उघड झाल्यावर १९९९ मध्ये मान्यता रद्द झाली. २००३ मध्ये सरकारने ही प्रथाच बंद केली, कारण तिला कायद्याचा आधार नव्हता. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेच्या ४० व्या कलमानुसार राज्य कोणालाही उमरावकी देऊ शकत नाही.

आता नवे दावेदार गुणसूत्रांकडे वळतात. २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी वायव्य आयर्लंडमधल्या सुमारे पाचातल्या एका पुरुषात एकाच प्रकारचे वाय गुणसूत्र (ते बापाकडून मुलाकडेच जाते) आढळल्याचे दाखवले आणि ते पाचव्या शतकातल्या नियाल राजाशी जोडले. त्या चाचणीने गोत समजते, गादी समजत नाही. पाचात एक माणूस ज्याचा वारस ठरतो, त्याच्यापासून एकट्याचा हक्क काढता येत नाही. मान्यता गेल्यानंतरही ओ’कॉनर डॉन, ओ’ब्रायन, मॅकडर्मॉट यांसारखी घराणी आपला किताब वापरतात. त्याला आता फक्त लोकांची ओळख आणि घराण्याची स्मृती यांचा आधार आहे.